तोंडाचा मास्क, बंद नाक आणि अर्धवट राहिलेली झोप

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून ५१ वर्षांच्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे घोरणे जुनेच, पण अलीकडे दिवसा डुलक्या येऊ लागल्या. एकदा स्कूटीवरून शाळेत जाताना डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेली, तेव्हा घरच्यांनी छत्रपती संभाजीनगरला नेऊन झोपेची तपासणी करवली. झोपेत तासाला ३४ वेळा श्वास अडतो, असा अहवाल आला आणि डॉक्टरांनी रात्री हवेच्या दाबाचे मशीन, म्हणजे सीपॅप, लावायला सांगितले. नाकाचा मास्क जमला नाही, कारण ‘माझे नाक कित्येक वर्षे बंदच आहे, मेडिकलमधून आणलेले थेंब टाकल्याशिवाय मला झोपच लागत नाही’. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावला की जीव गुदमरतो. परदेशातल्या भाच्याने फक्त तोंडात धरायचा मास्क पाठवला. तो वापरायला लागून महिना होऊन गेला आहे. त्याने तोंडाला कोरड पडते, उशी लाळेने भिजते, हिरड्या दुखतात आणि मशीनची हवा नाकावाटे आवाज करत बाहेर येते. दोन-अडीच तासांत त्या तो काढून ठेवतात. सासूबाईंचे म्हणणे, घोरण्याने कोणी मरत नाही. पतीचे म्हणणे, मशीन परत करून टाक. घरात नुकतीच सून आली आहे आणि तिच्यासमोर तोंडात नळी धरून झोपायची त्यांना लाज वाटते. उन्हाळ्यात सगळे घर गच्चीवर झोपते, तेव्हा काय करायचे, हीही अडचण आहे. हा उपचार आपल्याला झेपणार नाही असे समजून सोडून द्यावा का, आणि त्याऐवजी प्राणायाम, वजन कमी करणे किंवा ऑपरेशन चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: उपचार सोडू नका. पण उपचार आणि मास्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकच होऊन बसल्या आहेत. मास्क नकोसा झाला, तर मास्क बदलता येतो. तासाला ३४ हा आकडा मात्र तसाच सोडून देण्यासारखा नाही. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र, अशी या आजाराची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची, प्रतवारी करतात. तुम्ही तीव्र गटात आहात. या प्रत्येक वेळी श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा मंदावतो, रक्तातला प्राणवायू बहुधा खाली येतो आणि श्वास पुन्हा सुरू करण्यासाठी मेंदू क्षणभर जागा होतो. सकाळी तुम्हाला यातले काहीच आठवत नाही, पण आठ तास अंथरुणात काढूनही झोप पुरी झालेली नसते.

हे का घडते, ते समजून घेतले की पुढचा सगळा विचार सोपा होईल. शेतात अंथरलेला लपेटा पाइप मोटार चालू असेपर्यंत फुगलेला राहतो आणि मोटार बंद पडली की चपटा होतो; झोपेत स्नायू सैल पडल्यावर घशाच्या मऊ भिंतींचे तसेच होते, आणि मशीनमधून येणारी हवा त्या भिंतींना आतून आधार देऊन वाट मोकळी ठेवते. ही हवा म्हणजे ऑक्सिजन नव्हे, ती तुमच्या खोलीतलीच हवा असते, हे घरातल्यांना आवर्जून सांगा, कारण ‘ऑक्सिजन लागला’ या समजुतीने पुष्कळ घरे उगीचच घाबरून जातात. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगासमोर मांडली. त्याआधी तीव्र आजार असलेल्यांसाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वेगळी वाट करून देणे, एवढाच खात्रीचा उपाय होता. हवेचा दाब घशापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे. तो नाकातून पोहोचतो, तोंडातून पोहोचतो की दोन्हींतून, हा नंतरचा प्रश्न आहे.

तो नंतरचा प्रश्न तुमच्या बाबतीत नीट विचारला गेला आहे, असे मला वाटत नाही. तुमच्या पत्रातली दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी तुम्ही लिहिता, नाक कित्येक वर्षे बंदच आहे. दुसऱ्या ठिकाणी तक्रार आहे, की मशीनची हवा नाकावाटे आवाज करत बाहेर पडते. नाक पूर्ण बंद असते, तर हवेला तिथून बाहेर पडायला वाट कुठून मिळाली असती? म्हणजे तुमचे नाक अरुंद झालेले असेल, सुजलेले असेल, कदाचित एका बाजूने अधिक बंद असेल. पण ते कायमचे निकामी झाले आहे, हे तुम्ही गृहीत धरले आहे, कोणी तपासून सांगितलेले नाही. निदान तुमच्या पत्रात कान-नाक-घसा तज्ज्ञांचा उल्लेख कुठेही नाही. नाकाचा मास्क जमला नाही तेव्हाच ही तपासणी व्हायला हवी होती.

त्यातच ते थेंब. तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बाटलीवरचे नाव वाचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेले असेल, तर ते औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून काही तासांपुरते नाक मोकळे करते, आणि असर उतरला की सूज पुन्हा येते. सर्दीत चार दिवस वापरले तर काही बिघडत नाही. पण सलग पाच-सात दिवसांच्या पुढे वापर गेला, की सूज आधीपेक्षा जास्त जोराने परत येऊ लागते, माणूस पुन्हा थेंब टाकतो, आणि नाक बंद राहण्याचे कारण तो थेंबच होऊन बसतो. तुम्ही ते वर्षानुवर्षे रोज टाकत आहात. तुमचे नाक त्यामुळेच बंद आहे, असे मी न तपासता म्हणणार नाही, परंतु ही शक्यता मोठी आहे आणि ती उपचाराने सुधारणारी आहे. रक्तदाब असेल, तर हे थेंब डॉक्टरांना न विचारता वापरणे आणखीनच अयोग्य.

थेंब सोडवण्याची रीत आहे. तज्ज्ञ बहुधा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा सुरू करून देतात आणि थेंब आधी एका नाकपुडीत बंद करायला लावतात, म्हणजे रात्रीचे हाल निम्म्याने कमी होतात. पहिले काही दिवस कठीण जातात, एक-दोन आठवड्यांत बहुतेकांना फरक जाणवतो. नाकाचा पडदा वाकडा आहे का, आत कोंब वाढले आहेत का, ॲलर्जीची सूज आहे का, हेही त्याच भेटीत कळेल. फळ्यासमोर आयुष्य गेलेल्या शिक्षिकेला खडूची धूळ, आणि आपल्याकडे मळणीची व कापसाची धूळ, ही ॲलर्जीची कारणे असू शकतात. ती डॉक्टरांना सांगा. घरात तपकीर ओढण्याची सवय कोणाला असेल आणि ती तुम्हालाही असेल, तर तेही संकोच न करता सांगा. मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयोगी पडते, फक्त जलनेतीचे पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, नळाचे किंवा बोअरचे तसेच्या तसे कधीही नको. खाजगी तज्ज्ञाकडे जाणे परवडत नसेल, तर नांदेड, लातूर, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घशाचे विभाग आहेत.

नाकाची ही तपासणी आणि उपचार होईपर्यंत काही आठवडे जातील. तेवढ्या काळात तोंडाचा मास्क हाच तुमचा आधार आहे, म्हणून तो नीट वापरता यावा यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

या मास्कचा आतला सिलिकॉनचा पातळ पडदा ओठ आणि दात यांच्या मध्ये बसतो, बाहेरचा पडदा ओठांवर टेकतो आणि आत वळलेला भाग जिभेला खाली धरून ठेवतो. डोक्याला घट्ट पट्टे नाहीत, नाकावर काही नाही, त्यामुळे गुदमरण्याची भीती वाटणाऱ्यांना तो बरा वाटतो. पण नाकाचे एक काम आपण विसरतो: बाहेरची हवा ऊबदार आणि ओलसर करून आत पाठवणे. तोंडाचा मास्क नाकाला वगळून कोरडी हवा थेट जिभेवर आणि घशावर सोडतो. म्हणून इतर मास्कच्या बाबतीत सोयीचा भाग असलेला ह्युमिडिफायर, म्हणजे पाणी तापवून हवा ओलसर करणारे भांडे, या मास्कसोबत अत्यावश्यक ठरतो. तुमच्या पत्रात त्या भांड्याचा कुठेच उल्लेख नाही. ते मशीनला जोडलेले आहे का, त्यात रोज पाणी भरले जाते का आणि त्याची पातळी किती ठेवली आहे, हे आजच पाहा. कोरड पडत असेल तर पातळी एकेक अंकाने वाढवत न्या. गरम राहणारी नळी मिळते. तुमच्या मशीनला ती बसत असेल तर तोंडाच्या मास्कसाठी तिच्यावर केलेला खर्च योग्यच आहे. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की फेब्रुवारीत पुरलेली पातळी एप्रिलमध्ये पुरणार नाही. उलट थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येऊ लागतो. तेव्हा मशीन अंथरुणाच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे, नळीला कापडाची खोळ घालावी आणि तरीही पाणी साचले तर ओलावा एक अंकाने कमी करावा.

या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरच भरावे. आपल्या भागातले बोअरचे पाणी जड, त्याचा पांढरा थर एका आठवड्यात भांड्याच्या बुडाशी चढतो. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. बॅटरीच्या दुकानातले पाणी घेण्याऐवजी मेडिकलमधून सीलबंद डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. एखाद्या रात्री ते संपले, तर उकळून गार केलेले पाणी चालवून घ्या, पण सकाळी भांडे रिकामे करून धुवा. उरलेल्या पाण्यावर दुसऱ्या दिवशी नवे पाणी ओतण्याची सवय नको.

लाळेचे कारण साधे आहे. तोंडात काही वस्तू आली की ते अन्नच आहे असे समजून तोंडाला पाणी सुटते. बहुतेकांच्या बाबतीत वापर वाढत गेला की ही प्रतिक्रिया मंदावते. पण तुम्ही रोज दोन तासांनी मास्क काढत असाल, तर तोंडाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून ही सवय दिवसा लावा. संध्याकाळी वह्या तपासताना किंवा रेडिओ ऐकताना नुसता मास्क, मशीन न जोडता, पंधरा-वीस मिनिटे तोंडात धरून बसा. तो त्रासदायक वाटेनासा झाला, की मशीन जोडून, बसूनच, डोळे उघडे ठेवून तेवढाच वेळ घ्या. मग दुपारच्या झोपेला, सुटीच्या दिवशी, लावा. बहुतेक मशीनमध्ये सुरुवातीला कमी दाब ठेवून तो हळूहळू वाढवण्याची सोय असते, तिला रॅम्प म्हणतात. ती चालू आहे का, हे विक्रेत्याकडून तपासून घ्या. रात्री काढून टाकल्यावर पुन्हा लावणे हेही सरावाचाच भाग आहे: पहाटे जाग आली तर ‘आता काय उरले’ असे न म्हणता लावा. श्वास अडण्याचे प्रमाण स्वप्नांच्या झोपेत पुष्कळांमध्ये वाढते, आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. तुम्ही पहिले दोन-अडीच तास मास्क लावता आणि नेमका तोच भाग सोडून देता. कुशीवर झोपा, उशीवर जुन्या सुती लुगड्याची घडी अंथरा, ती सकाळी धुऊन टाका. उशी भिजण्याचा प्रश्न एवढ्यावर भागतो.

हिरड्यांच्या दुखण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. सुरुवातीचा हुळहुळेपणा आठवडाभरात कमी व्हायला हवा. महिना उलटूनही दुखत असेल, तर आतला पडदा तुमच्या जबड्याला मोठा पडत असेल, तुम्ही तो दातांनी चावून धरत असाल, किंवा हिरड्यांचाच आजार असेल. दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मास्क सोबत न्या. तुम्ही मिसरी लावत असाल, तर तेही त्यांना सांगा. आपल्याकडच्या कितीतरी बायका ती व्यसनात धरत नाहीत, पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, ती हिरड्या खराब करते आणि खराब हिरड्यांवर रात्रभर सिलिकॉन टेकवणे म्हणजे दुखण्यात भर आहे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा दिसला, तर मास्क बाजूला ठेवून आधी तेच तपासून घ्या. कवळी असणाऱ्यांनी ती काढून झोपायचे की ठेवून, हे डॉक्टरांना मास्क दाखवूनच ठरवावे, कारण बसवण्यात फरक पडतो. सिलिकॉन घरी कात्रीने कापू नका. ओठांना तूप, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून मास्क घालू नका. स्निग्ध पदार्थांनी तो निसटतो आणि लवकर खराब होतो, पाण्यात विरघळणारे लिप जेल मिळते ते वापरा. झोपण्यापूर्वी दात घासा, त्यानंतर दूध किंवा गोड काही घेऊ नका. मास्क रोज सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

हवा नाकातून निसटणे हे या मास्कचे नेहमीचे लक्षण आहे. घशाच्या वरचा मऊ टाळू मागे टेकून नाकाची वाट बंद करतो, आणि झोपेत ते नेहमी नीट होत नाही. काही आठवड्यांत पुष्कळदा ते कमी होते. काही जण नाकाला चिमटा किंवा बोळे लावतात. परदेशातून आलेल्या मास्कच्या खोक्यातही ते असू शकतात. तुम्ही ते स्वतःच्या मनाने वापरू नयेत, असे मी आग्रहाने सांगते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला वीज गेल्यावर आपोआप उघडणारी झडप असते. तोंडाच्या मास्कमध्ये मोकळे नाक हीच ती सोय आहे. आपल्या गावांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि नाक बांधून तोंडात नळी असताना मशीन थांबणे ही धोक्याची स्थिती आहे. डॉक्टरांनी सांगितले आणि मशीनला इन्व्हर्टरचा खात्रीचा आधार असला, तरच तो विचार करावा. इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा घ्या आणि मशीनचे वॅट दुकानदाराला दाखवा. मशीनच्या पंख्यापेक्षा पाणी तापवण्याला जास्त वीज लागते, त्यामुळे वीज गेलेल्या काळात ओलावा कमी करून ठेवला तर बॅटरी जास्त वेळ पुरते.

आणखी एक गोष्ट विचारायची राहते. तुमच्या मशीनचा दाब कोणत्या मास्कसह ठरवला होता? नाकाच्या मास्कवर ठरलेला दाब तोंडाच्या मास्कला तसाच लागू पडेल, असे नाही. मशीनमध्ये रोजचे तास, हवेची गळती आणि मशीन लावलेले असतानाही तासाला किती वेळा श्वास अडला, हे सगळे नोंदले जाते. मास्क भाच्याने पाठवला असल्यामुळे तुमच्या डॉक्टरांना तो माहीतही नसेल. मशीन, मास्क आणि थेंबांची बाटली, या तिन्ही वस्तू घेऊन जा. लावलेले असताना तो आकडा ५ च्या आत येत असेल, तर मास्क आपले काम करतो आहे आणि प्रश्न फक्त सवयीचा आहे. तो २० वर अडकला असेल, तर तुम्ही महिनाभर सोसलेल्या त्रासाचा मोबदला तुम्हाला मिळालेलाच नाही आणि दाब किंवा मास्क बदलणे भाग आहे. विमा कंपन्या आणि संशोधक ‘नियमित वापर’ म्हणून रात्री किमान ४ तास, १० पैकी ७ रात्री, असे माप धरतात; ती केवळ खालची मर्यादा आहे, जितकी झोप तितका वापर हेच खरे ध्येय. शिवाय तोंडाच्या मास्कचे भाग इथे सहज मिळत नाहीत. सिलिकॉन झिजते, म्हणून भाच्याकडून एक जादा पडदा मागवून ठेवा आणि ते मॉडेल अजून बनते का, तेही विचारून घ्या.

गच्चीचे म्हणाल, तर उन्हाळ्याचे दोन महिने कूलर लावून खोलीत झोपणे मला जास्त योग्य वाटते. कूलरची ओलसर हवा तुमच्या कोरडीलाही मदत करेल. घरच्यांसोबत गच्चीवरच झोपायचे असेल, तर मशीन उघड्यावर जमिनीशी न ठेवता स्टुलावर ठेवा, विजेचा जोड पायात येणार नाही आणि अवकाळी पावसात भिजणार नाही असा घ्या, आणि मागचे गाळण दर आठवड्याला पाहा. मळणीच्या दिवसांत ते काळवंडायला महिना लागत नाही.

आता घरातल्यांविषयी. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य नाही, असे नाही: नुसते घोरणे हा आजार नव्हे, आणि त्यांनी आयुष्यभर घोरणारी, तरी ठणठणीत असलेली माणसे पाहिली असतील. फरक आहे तो घोरणे मध्येच थांबून शांतता पसरण्यात आणि नंतर धसका बसल्यासारखा श्वास येण्यात. पतींना एका रात्री तुमच्याजवळ जागे बसायला सांगा, मशीनशिवाय तुमचा श्वास पंधरा मिनिटे ऐकू द्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू द्या. मशीन परत करण्याचा त्यांचा आग्रह बहुधा तुमचे हाल पाहूनच आलेला आहे; त्यांनी दुसरी बाजू कधी ऐकलेलीच नसेल. उपचाराने दिवसाची झोप कमी होते आणि रक्तदाब थोडा उतरतो, एवढे त्यांना खात्रीने सांगता येईल. मशीनमुळे हृदयविकाराचा झटका टळतोच, असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही; तसे कोणी सांगत असेल तर ते बोलणे पुराव्याच्या पुढे गेलेले आहे. डोळा लागून गाडी घसरण्याचा धोका मात्र तुमच्या घराने स्वतः पाहिला आहे.

सुनेसमोरच्या संकोचाबद्दल मला तुमची बाजू पूर्ण समजते. घोरणे हे पुरुषांचे, अशी आपली सगळ्यांची धारणा आहे. त्यामुळे बायका ते लपवतात, डॉक्टरांना फक्त थकवा आणि डोकेदुखी सांगतात आणि निदान वर्षानुवर्षे मागे राहते. वास्तविक पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये हा आजार वाढतो. तुमची सून तुम्हाला हसेल, असे तुम्हाला वाटते. तिने तसे काही दाखवल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. एखाद्या दुपारी मशीन समोर ठेवून तिला ते कसे चालते, पाणी कुठे भरायचे, हे तुम्ही स्वतःच सांगा. रात्री अचानक दिसलेली गोष्ट घाबरवते, दिवसा दाखवलेली घाबरवत नाही. शिवाय वीज गेल्यावर मदतीला येणारे कोणीतरी घरात असायलाच हवे.

तुम्ही विचारलेल्या पर्यायांविषयी. वजन जास्त असेल तर ते कमी करणे उपयोगी आहे. वजन १० टक्क्यांनी घटले तर श्वास अडण्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होते, असे एका मोठ्या पाहणीत दिसले होते. ३४ मधून चौथा हिस्सा वजा केला तरी उपचार लागतोच, म्हणून वजनाचा प्रयत्न मशीनच्या सोबतीने करायचा, मशीनऐवजी नव्हे. प्राणायाम जरूर करा, मन शांत राहायला आणि मास्कची भीती जायला तो मदत करेल. घशाच्या स्नायूंच्या व्यायामांनी काहींचे प्रमाण घटते. जयपूरमध्ये शंख फुंकण्याच्या सरावावर झालेला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास उत्साह वाढवणारा आहे, पण तो मध्यम आजाराच्या मोजक्या रुग्णांवर होता. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांचे साधन मुख्यतः सौम्य व मध्यम आजारासाठी असते, तरी ज्यांना मशीन कोणत्याही रीतीने जमत नाही अशा तीव्र रुग्णांनाही ते देतात. त्याला दात मात्र मजबूत लागतात. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कारण थायरॉइड मंदावल्यानेही हा आजार आणि थकवा वाढतो. झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका. आणि खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर तो मास्कच्या माथी न मारता घसा दाखवा. तुमचे कामच आवाजावर चालते.

मास्कचेही पर्याय आहेत. नाक मोकळे झाले तर नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारा लहानसा मास्क तुम्हाला जमू शकेल, आणि माझ्या अंदाजाने शेवटी तुम्ही तिथेच पोहोचाल; बहुतेक तज्ज्ञ नाकाच्या वाटेलाच पहिली पसंती देतात. तोंड झाकून नाकाखाली टेकणारे, नाकाच्या हाडावर काहीच न येणारे मास्कही आता मिळतात. मोठ्या मास्कने गुदमरणाऱ्यांना ते पुष्कळदा सोसतात. विक्रेत्याकडे बसून, मशीन लावून, झोपून पाहिल्याशिवाय कोणताही मास्क विकत घेऊ नका.

नाकाच्या ऑपरेशनने स्लीप ॲप्निया सहसा बरा होत नाही. ते नाकाचा मास्क सोसावा म्हणून केले जाते, हे आधीच समजून घेतले तर नंतर फसल्यासारखे वाटणार नाही. पडदा वाकडा निघाला आणि तज्ज्ञांनी ते सुचवले, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तासाला ३४ चा अहवाल आधी दाखवा, मशीन आणि मास्क दवाखान्यात सोबत न्या, आणि नाकात बोळे असतील त्या एक-दोन रात्री कोणता मास्क, किती दाबाने लावायचा, हे दाखल होण्यापूर्वीच त्यांच्याकडून लिहून घ्या.